६४१ वरून ७४३: गृहकर्जाच्या एका नकारामागचा क्रेडिट अहवाल

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी, वय ३४, हातात येणारा पगार ५८,००० रुपये, मूळ गाव निफाड तालुक्यात. २८ लाखांच्या गृहकर्जासाठी अर्ज केला आणि बँकेने सिबिल स्कोअर ६४१ असल्याचे सांगून नकार दिला. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अनेक अहवालांत वारंवार दिसणाऱ्या नोंदी एका अर्जदाराच्या नावावर एकत्र केल्या आहेत आणि त्याचे आकडे उदाहरणादाखल आहेत. नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

नकार मिळाल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ‘स्कोअर कसा वाढवू?’ हा प्रश्नच चुकीच्या जागी नेतो. ३०० ते ९०० मधला तो आकडा म्हणजे अहवालातल्या नोंदींवरून काढलेला हिशेब असतो. आकड्याला हात लावता येत नाही, नोंदींना लावता येतो. म्हणून इथे पहिले काम झाले ते पूर्ण अहवाल उतरवून घेण्याचे. भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, त्यांनाच ब्युरो म्हणतात: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीला ग्राहकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. चारही मागवावेत, कारण चारही ठिकाणची माहिती एकसारखी असेलच असे नाही. आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. अ‍ॅपवर दिसणारा नुसता आकडा मात्र या कामाला पुरत नाही. खात्यागणिक तपशील असलेली पीडीएफ लागते आणि तिच्यावरचा कंट्रोल नंबर जपून ठेवावा लागतो, कारण पुढच्या प्रत्येक तक्रारीत तो विचारला जातो.

अहवालात काय निघाले

सहा गोष्टी निघाल्या. चालू क्रेडिट कार्ड, मर्यादा ६०,००० आणि शिल्लक ५४,३००. एक जुने कार्ड ४१,७२० रुपयांसह ‘रिटन ऑफ’. दुचाकीचे कर्ज, अर्जदाराच्या मते २०२२ मध्येच फिटलेले, पण अहवालात १,८५० रुपये थकीत दाखवणारे. मेहुण्याच्या ट्रॅक्टर कर्जाला दिलेला जामीन. दोन महिन्यांत सात बँका-वित्तसंस्थांनी केलेली चौकशी. आणि ३५,००० रुपयांचे एक वैयक्तिक कर्ज, जे अर्जदाराने कधी घेतलेलेच नव्हते.

प्रत्येक खात्याखाली महिन्यागणिक चौकटींची एक पट्टी असते, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतची. चौकटीत ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ असेल तर त्या महिन्यात काही थकले नव्हते. ‘०३०’ म्हणजे हप्ता तीस दिवस उशिरा. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती कळवलीच गेली नाही, त्याला घाबरायचे कारण नाही. ‘एसयूबी’, ‘डीबीटी’, ‘एलएसएस’ ही अक्षरे दिसली तर कर्ज बुडीत वर्गात गेले आहे असे समजावे. स्कोअरपेक्षा बँकेचा कर्ज अधिकारी ही पट्टी जास्त बारकाईने बघतो, म्हणून ती आधी आपल्याला वाचता आली पाहिजे.

कामाचा क्रम असा ठरला: आपले नाही ते आधी काढायचे, मग आपले जे थकले आहे ते मिटवायचे, मग कार्डावरचा भार उतरवायचा. तोवर कुठेही नवा अर्ज करायचा नाही. हा क्रम उलटा केला तर पैसे आधीच संपतात आणि परके कर्ज तिथेच राहते.

परके कर्ज आणि १ जून

३५,००० च्या त्या कर्जाच्या पट्टीत १८० दिवसांच्या वरचे आकडे होते. एकट्या या खात्यावरूनही गृहकर्ज नाकारले गेले असते. पॅनकार्ड चोरून कोणी कर्ज काढले, असा संशय आधी आला. तसे असते तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार आणि पोलिसांत अर्ज हा मार्ग होता. पण अहवालाचा वरचा भाग नीट पाहिल्यावर वेगळेच दिसले. संपर्काच्या रकान्यात चार मोबाइल नंबर होते, त्यातला एक अर्जदाराचा कधीच नव्हता. पत्त्यांमध्ये निफाड तालुक्यातलेच, पण दुसरे गाव होते. ओळखपत्रांत अर्जदाराच्या पॅनसोबत एक अनोळखी मतदार ओळखपत्र क्रमांक होता.

नाव, आडनाव, तालुका तोच. आणि जन्मतारीख १ जून, वर्षही तेच. ग्रामीण महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना १ जून लिहिलेल्यांची संख्या किती मोठी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेने पॅन न घेता मतदार ओळखपत्रावर कर्ज दिले आणि जुळणी करणाऱ्या प्रणालीने नाव, तारीख आणि पिनकोड पाहून दोन माणसे एकाच फाइलीत घातली. यात कोणाची लबाडी नव्हती, पण नुकसान पूर्ण होते. ज्यांच्या कागदोपत्री १ जून आहे आणि आडनाव गावात सर्रास आढळणारे आहे, त्यांनी अहवालातला पत्ता आणि मोबाइलचा रकाना दरवर्षी मुद्दाम तपासावा.

पहिली तक्रार ब्युरोच्या संकेतस्थळावर ‘हे खाते माझे नाही’ हा पर्याय निवडून केली. १९ दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले: संस्थेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे. इथेच बरेच जण थांबतात. असे उत्तर का येते हे समजले तर थांबायचे कारण उरत नाही. ब्युरो स्वतः नोंद बदलत नाही, तो संस्थेला विचारतो. संस्थेतला कर्मचारी आपल्या प्रणालीत कर्ज आहे का, थकले आहे का, एवढेच पाहतो. कर्ज होते आणि थकलेही होते, म्हणून त्याच्या दृष्टीने माहिती बरोबरच होती. चुकीचे होते ते त्या कर्जाचे या माणसाशी जोडलेले नाते, आणि ते दाखवणारा एकही कागद पहिल्या तक्रारीसोबत गेला नव्हता.

दुसरी तक्रार ब्युरोकडे आणि संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, दोन्हीकडे एकाच दिवशी गेली. ईमेलमध्ये भावनेला जागा नव्हती, चार मागण्या होत्या: कर्जाच्या अर्जाची आणि केवायसीची प्रत, रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्या खात्याचे शेवटचे चार आकडे, हप्त्यासाठी दिलेल्या बँक मँडेटची (खात्यातून हप्ता आपोआप कापून घेण्याच्या परवानगीची) प्रत, आणि त्या खात्याला पॅन जोडलेला आहे की नाही याचे उत्तर. सोबत पॅन, आधारची मास्क केलेली प्रत, अर्जदाराचे स्वतःचे मतदार ओळखपत्र, आणि कर्ज वाटप झाल्याच्या महिन्याचे आपल्या बँक खात्याचे स्टेटमेंट, ज्यात अशी रक्कम आलेली नव्हती. दोन वेगळे मतदार क्रमांक शेजारी शेजारी आल्यावर वाद उरला नाही. २४व्या दिवशी खाते फाइलीतून निघाले.

या टप्प्यावर एक नियम हाताशी ठेवावा. तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेची ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्या ३० दिवसांतले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. तिने त्या मुदतीत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई तिने द्यायची, आणि तिने वेळेत पाठवूनही ब्युरोने उशीर केला तर ब्युरोने. तक्रार फेटाळली तर कारण कळवणेही बंधनकारक आहे. उत्तर पटले नाही किंवा ३० दिवसांत आलेच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवरून लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपाल योजनेत आल्या आहेत. त्यासाठी पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

दुचाकीचे १,८५० रुपये

शेवटच्या हप्त्याच्या महिन्यात पगाराचे खाते बदलले, मँडेट परत गेले, हप्ता शोरूममधल्या काउंटरवर रोख भरला. पावती मिळाली आणि कर्ज संपले असे वाटले. पण मँडेट परत गेल्याचा आकार, त्यावरचा जीएसटी आणि उशिराचा दंड तसाच राहिला. कर्ज खरेच संपले असते तर वित्तसंस्थेकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आला असता, आणि आरसी बुकावरचा बोजा आरटीओत उतरवला असता. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला तेव्हा बोजा अजून तिथेच होता. वाहनकर्ज फिटले की नाही याची शंका आली तर आधी हे पाहावे.

१,८५० भरले, बेबाकी दाखला घेतला. तरी संस्थेने अहवालात खाते बंद दाखवले नाही. तक्रार केली, निकाल लागायला ४६ दिवस लागले. १६ दिवसांचे १,६०० रुपये अर्जदाराच्या खात्यात जमा झाले, कारण तक्रारीचा पहिला दिनांक आणि तक्रार क्रमांक त्याने लिहून ठेवला होता.

रिटन ऑफ कार्ड: १६,००० ची सूट घ्यायची की नाही

सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागला. २०२० मध्ये पगार थांबला तेव्हा या कार्डावर ११,८०० रुपये बाकी होते. पत्ता बदलला, स्टेटमेंट जुन्या घरी जात राहिली, व्याज आणि दंड चढत गेला आणि बँकेने ४१,७२० रुपयांवर खाते रिटन ऑफ केले. रिटन ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँकेने आपल्या पुस्तकात रक्कम वसूल होणार नाही असे धरले, एवढाच त्याचा अर्थ. देणे कायम राहते आणि वसुलीचे फोनही.

वसुली एजंटने सांगितले, १६,००० भरा, विषय संपवतो. २५,७२० रुपये वाचणार असे दिसत होते. पण तसे केले असते तर अहवालात ‘सेटल्ड’ आले असते, आणि कर्ज देणारी पुढची प्रत्येक बँक ते असे वाचते: या माणसाने घेतले तेवढे परत केले नाही. पतमाहिती कंपन्यांना नोंदी किमान सात वर्षे ठेवाव्या लागतात. आता दुसरी बाजू मांडून पाहू. २८ लाख, २० वर्षे, व्याज ८.५ टक्के असेल तर हप्ता सुमारे २४,३०० येतो. हेच कर्ज कमजोर पतीमुळे ९.२५ टक्क्यांनी मिळाले तर सुमारे २५,६४५. महिन्याला १,३४५ रुपयांचा फरक, वीस वर्षांत ३ लाख २२ हजारांवर. त्यापुढे २५,७२० ची सूट महाग आहे. ज्याच्यावर मोठा आजार किंवा बेकारी कोसळली आहे आणि पुढची काही वर्षे कर्ज घ्यायचेच नाही, त्याच्यासाठी सेटलमेंट हा रास्त मार्ग असू शकतो. गृहकर्जाच्या उंबरठ्यावर असलेल्याने मात्र तो घेऊ नये.

तरीही ४१,७२० मुकाट्याने भरले नाहीत. आधी कार्डाचा सुरुवातीपासूनचा पूर्ण हिशेब मागवला. पत्ता बदलल्याचा अर्ज बँकेत नोंदलेला होता, तरी स्टेटमेंट जुन्या पत्त्यावर गेली होती. ते दाखवल्यावर बँकेने त्या काळातला विलंब आकार आणि त्यावरचा जीएसटी मिळून ९,३५० रुपये उलटवले. सेटलमेंट आणि हे उलटवणे यांतला फरक महत्त्वाचा आहे. इथे बँकेने चुकीचा आकार हिशेबातून काढला, येणे सोडले नाही. उरलेले ३२,३७० पूर्ण भरले.

पैसे भरण्याआधी बँकेच्या अधिकृत ईमेलवरून एक वाक्य लेखी घेतले: ‘३२,३७० रुपये ही या खात्याची संपूर्ण थकबाकी असून ती मिळाल्यावर कोणतीही रक्कम माफ न करता खाते बंद झाल्याचे पतमाहिती कंपन्यांना कळवले जाईल.’ एजंटच्या तोंडी आश्वासनाला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पत्राला अर्थ नाही, आणि पैसे एजंटच्या यूपीआयवर तर कधीच पाठवू नयेत. बँकेच्या कार्ड खात्यावरच भरावेत. ‘अकाउंट सोल्ड’ असे दिसत असेल तर देणे दुसऱ्या संस्थेकडे गेलेले असते. आधी ते विचारावे, नाहीतर पैसे एकाला आणि नोंद दुसऱ्याकडे असे होते.

नोंद पुसली गेली नाही, जाणारही नव्हती. खात्याची स्थिती ‘पोस्ट राइट ऑफ क्लोज्ड’, म्हणजे रिटन ऑफनंतर बंद, अशी झाली आणि शिल्लक शून्य झाली. बँकांच्या नजरेत या दोन गोष्टींनी बराच फरक पडतो.

चालू कार्ड

अर्जदार दर महिन्याला ‘मिनिमम ड्यू’ न चुकता भरत होता, म्हणून आपण नियमित आहोत असे त्याला वाटत होते. हिशेब असा: ५४,३०० च्या पाच टक्के म्हणजे २,७१५ भरले. महिना ३.५ टक्क्यांनी व्याज १,९०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३४२. मुद्दलातून कमी झाले फक्त ४७३ रुपये, तेही नवी खरेदी केली नाही तर. शिवाय बाकी पुढे ओढल्यावर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. थकबाकी नसली तरी मर्यादेच्या ९० टक्के वापर हे पैशांच्या ओढाताणीचे लक्षण मानले जाते. वापर ३० टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

अर्जदाराची ८०,००० ची मुदत ठेव होती. सात टक्के मिळवणारी ठेव जपत ४२ टक्क्यांचे व्याज भरणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे त्याला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ती ठेव वडिलांच्या सांगण्यावरून ठेवलेली होती. ठेव मोडली. ३२,३७० जुन्या कार्डाला, १,८५० दुचाकीला, ४०,००० चालू कार्डाला. कार्डावर १४,३०० उरले, म्हणजे मर्यादेच्या २४ टक्के. उरलेले सुमारे पावणेसहा हजार अडीअडचणीला ठेवले.

वापराबाबत एक बारकावा: ब्युरोकडे जाणारी शिल्लक बहुधा स्टेटमेंट तयार झाल्याच्या दिवसाची असते. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याचाही वापर म्हणून जास्त दिसू शकतो. अर्ज करायच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत स्टेटमेंटच्या दोन दिवस आधीच बहुतेक रक्कम भरून टाकावी. जानेवारी २०२५ पासून संस्थांना निदान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतो.

जे हातात नव्हते, आणि एक घसरण

ट्रॅक्टर कर्जाचे हप्ते सहामाही. द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून उशिरा आले आणि मागचा हप्ता ४७ दिवसांनी भरला गेला. जामीनदाराच्या अहवालातही हे कर्ज दिसते. जामीन मध्येच काढून घेता येत नाही, बँक दुसरा जामीनदार मान्य करेल तरच. हप्त्याची तारीख अर्जदाराने आपल्या मोबाइलमध्ये घालून ठेवली, इतकेच करता आले. नात्यात जामीन नाकारणे किती अवघड असते हे खरे आहे, पण सही करणाऱ्याला निदान हे माहीत असावे.

सात चौकश्या एका एजंटने एकच अर्ज अनेक ठिकाणी टाकल्यामुळे झाल्या होत्या. संमती दिलेली असल्याने त्या काढता येत नाहीत, काळाबरोबर त्यांचा परिणाम ओसरतो.

परके खाते फाइलीतून काढले गेल्यावर आणि दुचाकीची नोंद सुधारल्यावर स्कोअर ६८९ झाला. कार्डाचा भार उतरल्यावर ७१६. सहाव्या महिन्यात तो ६९८ वर आला. खरेदीच्या अ‍ॅपवर ‘नंतर पैसे द्या’ हा पर्याय एका किराणा ऑर्डरसाठी दाबला गेला होता आणि २१४ रुपयांचे बिल राहून गेले होते. हेही कर्जच असते, आणि त्याची नोंद ब्युरोकडे जाते. पट्टीत उशिराचे दिवस दिसतात. रक्कम लहान म्हणून दिवस कमी मोजले जात नाहीत. क्रेडिट कार्डाला तीन दिवसांची सवलत आहे: थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली तरच उशीर कळवता येतो किंवा दंड लावता येतो, पण दिवस मोजले जातात ते मूळ मुदतीपासूनच. तीच सवलत अशा अ‍ॅपवरच्या उधारीला आहे असे धरून चालू नये. बिल भरले, ती सुविधा बंद केली आणि बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवला.

याच सुमारास अर्जदाराला चालू कार्डही बंद करून टाकायचे होते. तसे करू दिले नाही. त्याच्या फाइलीतले ते सर्वात जुने चांगले खाते होते, आणि ते गेले असते तर उपलब्ध मर्यादाही शून्य झाली असती. कार्ड अजिबात न वापरणेही बरोबर नाही. वर्षभर वापर नसेल तर बँक सूचना देऊन ते बंद करू शकते. महिन्याला एक वीजबिल कार्डावर आणि पूर्ण रकमेचे ऑटोपे, एवढे ठेवले. पतसंस्थेत तो नियमित भरत असलेला छोटा हप्ता मात्र अहवालात कुठेच नव्हता. बऱ्याच सहकारी पतसंस्थांची माहिती ब्युरोकडे जात नाही, त्यामुळे तिथली चांगली वागणूक स्कोअरला उपयोगी पडत नाही.

दहाव्या महिन्यात स्कोअर ७४३ होता आणि अर्ज एकाच बँकेत केला. सोबत रिटन ऑफ खात्याचे बँकेचे पत्र, दुचाकीचा दाखला आणि परक्या खात्याच्या तक्रारीचा निकाल, अशा तीन प्रती जोडल्या. कर्ज अधिकाऱ्याने २०२० च्या नोंदीबद्दल लेखी खुलासा मागितला, तो अर्ध्या पानात दिला. स्कोअर पार झाल्यावर खरी मोजणी पगाराची झाली: ५८,००० च्या निम्म्यापर्यंत सर्व हप्ते धरून सुमारे २४,७४५ चा हप्ता बसला. कर्ज ८.७५ टक्क्यांनी मंजूर झाले. एका दुसऱ्या ब्युरोच्या अहवालातून परके कर्ज काढले गेले आहे, पण तो अनोळखी मोबाइल नंबर आणि दुसऱ्या गावचा पत्ता अजून आहे. त्यासाठी वेगळी तक्रार दाखल केली आहे, कारण तो नंबर राहिला तर पुढच्या वेळी जुळणी पुन्हा चुकू शकते.